एथिक्स कमिटी आहे, पण बाळाच्या खाटेपर्यंत येत नाही

आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत एथिक्स कमिटी असते. ती नव्या औषधांच्या चाचण्यांचे कागद बघते, संमतिपत्र पालकांना समजेल अशा मराठीत आहे का ते तपासते. चांगलंच आहे. पण पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, मेंदूत मोठा रक्तस्राव झालेलं बाळ व्हेंटिलेटरवर असताना 'आता कुठवर ताणायचं?' हा प्रश्न तिच्याकडे जात नाही. तो रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरकडे येतो आणि सकाळी बिलिंग काउंटरवर सुटतो.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. अशा कितीतरी बाळांचा निर्णय आपल्याकडे 'डामा' करतो. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपतात, योजनेची मर्यादा संपते, नातेवाईक सही करतात आणि बाळ अँब्यू बॅगवर, म्हणजे हाताने दाबून श्वास देणाऱ्या पिशवीवर, गावाकडे निघतं. कागदोपत्री हॉस्पिटल सुटलं. जे बाळ बरं होऊ शकतं त्याचाही डामा होतो. आणि ज्याच्या हाती काहीच लागणार नाही ते बाळ, केवळ घरच्यांना परवडतंय म्हणून, आठवडेच्या आठवडे सुया खात पडून राहतं.

सही कोण करतं तेही बघा. आई सिझरचे टाके घेऊन खालच्या मजल्यावर, नाहीतर दुसऱ्याच गावच्या हॉस्पिटलात. इकडे कॉरिडॉरमध्ये आजोबा, मोठे काका आणि गावातला कुणीतरी 'जरा कळणारा'. बाप भिंतीला टेकून उभा, त्याला कुणी विचारत नाही. मुलगी असेल तर 'घेऊन जातो' हे जरा लवकर ऐकू येतं. लिहायला बरं वाटत नाही, पण आमच्यापैकी कुणालाही विचारा.

'सर्वोच्च न्यायालयाने नियम केलेत की' असं म्हणाल. केलेत. २०१८ चा निकाल आहे, २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीतही झाली: हॉस्पिटलचं एक वैद्यकीय मंडळ, त्यावर दुसरं, शक्यतो ४८ तासांत मत. पण ते सगळं जीवरक्षक उपचार थांबवण्यापुरतं. दोन कन्सल्टंटचं आपसात पटत नसेल तर? सोळा वर्षांची पोरगी 'आता किमो नको' म्हणते आणि बाप ऐकत नाही, तेव्हा? ही भांडणं त्या मंडळांपुढे येत नाहीत.

ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांत अशा प्रश्नांसाठी एथिक्स कमिटी असते. पण तिथे सगळं छान आहे असंही नाही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलातल्या चार्ली गार्ड या तान्ह्या बाळाचं व्हेंटिलेटर काढायचं की नाही, हा हॉस्पिटल आणि आईबापांमधला वाद कोर्टात गेला. पोप बोलले, ट्रम्प बोलले, कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या हॉस्पिटलात एथिक्स कमिटी होती, तरीही. न्यायाधीशांनी शेवटी सुचवलं की अशा वादांत आधी मध्यस्थी करून बघा. म्हणजे कमिटीने नुसतं मत देऊन भागत नाही, आईबापांना समोर बसवावं लागतं.

मला हवंय ते फार मोठं नाही. त्या केसशी संबंध नसलेले दोन डॉक्टर, एक अनुभवी सिस्टर, एक समाजसेवक, आणि बाहेरचा एखादा समंजस माणूस. सल्ला द्यायचा, हुकूम नाही. आईशी बोलल्याशिवाय बैठक संपवायची नाही, हवं तर व्हिडिओ कॉलवर. काय बोलणं झालं ते केसपेपरवर लिहायचं. छोट्या नर्सिंग होमना एकेकट्याने हे झेपणार नाही. तिथे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शाखेने शहरापुरती एक समिती चालवावी. दर महिन्याला सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणाच्या सभा, भरवतोच की आपण, जेवणासकट.

'लिहून ठेवलं तर उद्या कोर्टात तेच अंगावर येईल' असं एका ज्येष्ठ सरांनी मला ऐकवलं. मला उलट वाटतं. सकाळचा डॉक्टर 'आशा आहे' म्हणतो, संध्याकाळचा 'देवावर सोडा' म्हणतो, आणि मग काचा फुटतात. चौघांनी बसून एकच गोष्ट सांगितली तर नातेवाईक रडतात, भांडतातही, पण आपण फसवले गेलो असं त्यांना वाटत नाही.

तुमच्याकडे अशी समिती असेल तर कमेंटमध्ये लिहा. विशेषतः रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं आणि त्याचे पैसे कोण देतं, ते.