डाग पडले म्हणून गोळी बंद करू नका

"गर्भनिरोधक गोळी चालू असताना मध्येच रक्त दिसलं, म्हणजे ती अंगाला मानवलेली नाही. गोळीचा परिणाम होत नाहीये, आत साठलेली घाण बाहेर पडतेय. ताबडतोब बंद करा, नाहीतर पुढे मूल होणार नाही." हा सल्ला अनेकींपर्यंत पोचतो. तो ऐकून घाबरून गोळी सोडली, तर नको असलेलं गरोदरपण वाट्याला येऊ शकतं. म्हणून एकेक दावा तपासू या.

"परिणाम होत नाहीये." नेहमीची, दोन हार्मोन्सची (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन) गोळी मुख्यतः बीजकोशातून बीज सुटू देत नाही. रक्त येतं ते गर्भाशयाच्या अस्तरातून. गोळीमुळे हे अस्तर पातळ राहतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि थोडंफार रक्त झिरपतं. गोळी रोज न चुकता घेत असाल, तर डाग पडत असतानाही संरक्षण चालूच असतं.

"मानवलेली नाही." पहिले तीन महिने असे डाग अगदी नेहमीचे, पुढे बहुतेकींचे आपोआप कमी होतात. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं, आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असतं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका घटावा म्हणून मात्रा उतरवली गेली, आणि सर्वांत कमी मात्रेच्या गोळ्यांवर मधले डाग जरा जास्त दिसतात. माझ्या मते हा सौदा बाईच्या फायद्याचाच आहे, फक्त तो गोळी देतानाच तिला सांगायला हवा. नुसत्या प्रोजेस्टोजेनच्या गोळीवर तर रक्तस्राव आणखी अनियमित असतो.

"घाण बाहेर पडतेय." हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो. पाकीट अर्धवट सोडलं की हार्मोन्स उतरतात आणि दोन-तीन दिवसांत पाळीसारखं रक्त जातं. मग वाटतं, बघा, साठलेलं निघालं! प्रत्यक्षात अस्तर पातळच असतं, साठलेलं काही नसतं. दर महिन्याला हार्मोनची गोळी नसते त्या सात दिवसांच्या सुट्टीत जे होतं तेच इथे अवेळी झालं, आणि संरक्षण मात्र गेलं. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, त्यामुळे आधीच्या संबंधांतूनही दिवस जाऊ शकतात.

"मूल होणार नाही." साफ खोटं. गोळी थांबवली की बीज सुटणं पुन्हा सुरू होतं.

मात्र डागांकडे दुर्लक्षही करू नका. आधी पाकीट हातात घेऊन बघा, एखादी गोळी राहिली आहे का. दोन हार्मोन्सच्या गोळीत लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या असतील, तर शेवटची राहिलेली लगेच घ्या, बाकीच्या वेळेवर चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर लगेच दुसरी घ्या. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिटवरची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही औषधं गोळीची ताकद खरोखर कमी करतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगाच.

तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, बरेच दिवस सुरळीत गेल्यावर अचानक सुरू झाले, संबंधांनंतर रक्त आलं, ओटीपोटात दुखलं किंवा तासाला एक पॅड भिजू लागलं, तर तपासून घ्या. गोळ्या चुकल्या असतील तर गरोदरपणाची चाचणीही करा. क्लॅमिडियासारखा संसर्ग किंवा गर्भाशयमुखाचा काही त्रास नाही ना, हे डॉक्टर पाहतील. सगळं ठीक असेल तर गोळी बदलून मिळते, आणि नवी हातात येईपर्यंत जुनीच रोज घ्यायची.