‘रजनीशपुरमवरचा विषप्रयोगाचा आळ रचलेला होता’ : या दाव्यात किती तथ्य?

दावा असा फिरतो: “अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ओशोंच्या संन्याशांनी उजाड माळावर शहर उभं केलं. तिथल्या कट्टर पुढाऱ्यांना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मग एका खासदाराने विषबाधेची गोष्ट रचली, संन्याशांच्या बाजूची मतं अडवली आणि ओशोंना हाकलून दिलं.” पुण्याच्या आश्रमामुळे आपल्याकडे हे लगेच पटतं. (हे शहर म्हणजे रजनीशपुरम; ओशो तेव्हा रजनीश म्हणून ओळखले जात.) नोंदी मात्र वेगळं सांगतात.

“पहिल्या दिवसापासून खुपत होतं.” संन्याशांनी सुमारे ६४ हजार एकरांचं रान १९८१ मध्ये विकत घेतलं. ते ज्या वॉस्को काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) होतं, तिचा कारभार पाहणाऱ्या तीनसदस्यीय मंडळाने त्याच वर्षी २ विरुद्ध १ मतांनी शहर-स्थापनेचं मतदान घ्यायला परवानगी दिली. पुढे घोडं अडलं ते ओरेगॉनच्या १९७३ च्या जमीन-वापर कायद्यावर. शेतजमिनीवर शहरी वस्ती वाढू नये म्हणून केलेला हा कायदा रजनीश तिथे पोचण्याच्या आठ वर्षं आधीचा. स्थानिकांमध्ये द्वेष होता, तो नाकारायचं कारण नाही. पण कज्जा जमिनीचा होता.

“खासदाराने गोष्ट रचली.” हा दाव्याचा गाभा, म्हणून जरा सविस्तर. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये त्याच काउंटीतल्या द डॅल्स या गावात दोन लाटांत ७५१ जणांना साल्मोनेला या अन्नातून पसरणाऱ्या जंतूची बाधा झाली. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी हॉटेल कामगारांच्या अस्वच्छतेवर बोट ठेवलं. २८ फेब्रुवारी १९८५ रोजी खासदार जिम वीव्हर यांनी प्रतिनिधीगृहात या निष्कर्षावर हल्ला चढवला आणि संशय थेट रजनीशपुरमवर घेतला. (द डॅल्स त्यांच्या मतदारसंघात नव्हतं. सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्टात खेचता येत नाही, हे संरक्षण त्यांना होतं, हेही खरं.)

त्यांच्या संशयाला आधार होता. बाधित १० हॉटेलांपैकी ८ मध्ये सॅलड बार होता, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः वाढून घ्यायची मांडणी. गावातल्या उरलेल्या २८ पैकी फक्त ३ मध्ये. दूषित पदार्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा. सगळ्यांना सामाईक असं पाणी, पुरवठादार किंवा जिन्नस सापडला नाही. बर्फावर ठेवलेलं सॅलड पुरेसं गार राहत नसेल तर जंतू वाढतात, पण एकाच जातीचा जंतू एकाच सुमारास दहा ठिकाणी पोचतो कसा, हे त्यातून कळत नाही. आजारी कामगारांनी संसर्ग थोडाफार पसरवला असेल. सुरुवात त्यांच्यापासून झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

कोडं सुटलं ते खुद्द रजनीशांच्या तोंडून. १६ सप्टेंबर १९८५ च्या पत्रकार परिषदेत त्यांनीच आपली सचिव मा आनंद शीला आणि तिच्या साथीदारांवर विषप्रयोगाचे आरोप केले. ऑक्टोबरच्या झडतीत वसाहतीच्या प्रयोगशाळेत मिळालेला जंतू रुग्णांमधल्या जंतूशी तंतोतंत जुळला. १९८६ मध्ये शीला आणि तिची साथीदार मा आनंद पूजा यांनी गुन्हे कबूल केले. ही गोष्ट खासदाराने रचलेली असती, तर आश्रमाच्या गुरूने आपल्याच सचिवाविरुद्ध तोंड का उघडलं असतं?

त्याआधी २९ ऑगस्ट १९८४ रोजी काउंटी मंडळाचे विल्यम हल्स आणि रे मॅथ्यू वसाहतीच्या पाहणीला गेले होते. तिथे प्यायलेल्या पाण्यानंतर दोघेही आजारी पडले. हल्स यांना रुग्णालयात ठेवावं लागलं.

“मतं अडवली.” नोव्हेंबर १९८४ मध्ये मंडळाच्या तीनपैकी दोन जागा भरायच्या होत्या. त्याच्या तोंडावर संन्याशांनी आपल्या बाजूचे मतदार वाढवायला हजारो बेघर माणसं बसने वसाहतीत आणली. मग काउंटीने नोंदणी थांबवून प्रत्येक नव्या अर्जदाराची सुनावणी लावली, मग तो संन्यासी असो वा नसो. द डॅल्सची हॉटेलं हा त्याच निवडणुकीचा दुसरा डाव होता: विरोधी मतदार मतदानाच्या दिवशी अंथरुणाला खिळावेत.

“ओशोंना हाकललं.” विषप्रयोगाचा खटला त्यांच्यावर कधी चाललाच नाही, त्यामुळे ‘ओशोंनीच विष घातलं’ हेही कोणी छातीठोक सांगू नये. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी इमिग्रेशनमधल्या खोटेपणाच्या दोन आरोपांवर तडजोड केली, ४ लाख डॉलर भरले आणि देश सोडला. महिन्याभरात, डिसेंबरमध्ये, संघीय न्यायाधीश हेलन फ्राय यांनी रजनीशपुरमची शहर ही ओळखच घटनाबाह्य ठरवली: जमीन एका धर्मसंस्थेची आणि शहरावरचा ताबाही तिचाच. हा मुद्दा मांडला होता राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमायर यांनी १९८३ मध्ये, विषबाधेच्या वर्षभर आधी.