रोजच्या दहा किलोमीटरसाठी ऑफ-रोड गाडी घेताय? सीसी शेवटी, वजन आधी

ठाण्यात कासारवडवली ते माजिवडा, किंवा नवी मुंबईत ऐरोली ते महापे. एवढ्याशा अंतरासाठी ‘ऑफ-रोड टाईप’, म्हणजे खराब रस्त्यांसाठी बनवलेली मोटारसायकल घ्यावी का, असं हल्ली बरेच जण विचारतात आणि सल्ले लगेच सीसीवर जातात. २०० घे, २५० घे, एवढे पैसे घालतोच आहेस तर सरळ ४५० घे. माझं मत एकदम दुसरं आहे. रोजचं रनिंग दहा-बारा किलोमीटरचं असेल तर आधी वजन बघायचं, मग सीटची उंची, मग पुढचं चाक. पॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी, आणि तो नाही बघितला तरी फारसं बिघडत नाही.

अशी गाडी लागते कुणाला? घोडबंदर रोडचा सर्व्हिस रोड, मेट्रोच्या कामाच्या कडेने जाणारी वळणं, खचलेले पेव्हर ब्लॉक, आणि काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथली ती चार बोटांची पायरी. हे रोज वाट्याला येत असेल तर २१ इंची पुढचं चाक आणि लांब ट्रॅव्हलचं (चाक जास्त वर-खाली होऊ देणारं) सस्पेन्शन ही चैन राहत नाही. मोठं चाक खड्ड्याच्या कडेला कमी उभ्या कोनात भिडतं, म्हणून धक्का मागे ढकलणारा कमी आणि वर उचलणारा जास्त असतो. छोटं चाक खड्ड्यात उतरून पलीकडच्या कडेवर आदळतं. हीरो एक्सपल्स २०० फोर-व्हीला पुढे १९० मिमी आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे. साध्या कम्युटरला, म्हणजे रोजच्या वापराच्या बाइकला, पुढे साधारण १२०-१३० असतो. हा फरक मनगटांना आणि कमरेला पहिल्याच आठवड्यात कळतो.

पण तुमचं सगळं फिरणं नेरुळ, सीवूड्स, पाम बीच एवढ्यातच असेल तर सरळ सांगतो, या गाडीची गरज नाही. तिथे होंडा एनएक्स २०० सारखी गाडी पुरते. दिसायला ॲडव्हेंचर, आतून होंडाचीच साधी रस्त्यावरची हॉर्नेट २.०. चाकं १७ इंची अलॉय, टायर ट्यूबलेस, सीट ८१० मिमी. तिच्या रूपावर भाळून तुर्भे एमआयडीसीतल्या डंपरांनी उखडलेल्या रस्त्यावर तिच्याकडून एक्सपल्सची कामं मात्र मागू नका. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीच्या पोटातलं अंतर, १६७ मिमीच आहे.

आता वजन. ॲक्टिव्हा १०६ किलोच्या आसपास. कावासाकी केएलएक्स २३० चं वजन १३९, एक्सपल्स २०० फोर-व्हीचं १५९, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सचं १६७, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० चं १९६. कागदावर हे आकडे जवळजवळचे वाटतात. पण छोट्या अंतराच्या माणसाचा बराचसा वेळ गाडी काढण्यात, लावण्यात, सिग्नलला पाय टेकण्यात आणि यू-टर्न मारण्यात जातो. तिथे सगळी गाडी हातावर आणि मांडीवर येते. हायवेवर १९६ किलो जाणवतही नाहीत, उलट वाऱ्यात बरे पडतात. सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या ओल्या रॅम्पवर, पुढे शेजाऱ्याची कार तिरकी उभी असताना, तेच १९६ किलो मागे ढकलायचे म्हणजे घाम फुटतो.

म्हणून शोरूमच्या टेस्ट राइडमध्ये सरळ रस्त्यावर गाडी पळवून येण्यात अर्थ नाही. इंजिन बंद करा, न्यूट्रल करा आणि गाडीवर न बसता ती दहा मीटर मागे ढकला. मग तेच बसून, पायांनी. थोडा चढ मिळाला तर उत्तम. नंतर हँडल पूर्ण वळवून दोन लेनमध्ये यू-टर्न बसतो का बघा. हँडलची रुंदी आरशांसकट मोजा, कारण या गाड्यांची हँडलं रुंद असतात, आणि कापूरबावडीच्या सिग्नलला दोन एसयूव्हींच्या मधून निघताना नेमकी त्यांच्या आरशांच्या उंचीला येतात.

उंचीबद्दल लोक इंचांत वाद घालतात, खरी अडचण रस्त्याच्या उताराची आहे. एक्सपल्स २०० ची सीट ८२५ मिमी, एक्सपल्स २१० ची ८३०, केएलएक्सची ८८०. शोरूमच्या सपाट लादीवर दोन्ही पायांचे चवडे टेकतात आणि माणूस खूश होतो. आपले रस्ते डाव्या कडेला गटाराकडे उतरतात. सिग्नलला डावा पाय खाली टाकला की जमीन अपेक्षेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खाली लागते, तेवढ्यात गाडी कलते, आणि कललेली गाडी १५९ किलोची असली तरी सावरत नाही. तेव्हा बघताना रोजचेच बूट घाला आणि डाव्या पायाखाली जमीन थोडी उतरती असेल अशा जागी टेकून बघा. केएलएक्सचा ८८० चा आकडा वाचून घाबरायचंही कारण नाही. सीट अरुंद आहे, सस्पेन्शन बसल्यावर बऱ्यापैकी दबतं, आणि गाडी हलकी आहे. तरी पाच फूट चारच्या माणसाला ती रोज ट्रॅफिकमध्ये सोपी जाईल असं मी म्हणणार नाही.

उंची कमी करायला मागच्या सस्पेन्शनला लोअरिंग लिंक बसवून देणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. मागची बाजू खाली आली की साईड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने किंवा कुणाच्या धक्क्याने उजवीकडे पडते. स्टिअरिंगही सुस्त होतं. त्यापेक्षा सीट कव्हरवाल्याकडून फोम वीस-पंचवीस मिमी तासून घ्या. आधी बाजूच्या कडा तासायच्या, वरचा फोम नंतर. पाय खाली जायला अडथळा बऱ्याचदा कडांचाच असतो.

टायरकडे वळू. एक्सपल्सला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८, स्पोकची चाकं, आत ट्यूब. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे १८ ची ट्यूब मिळेल, २१ ची बहुतेक नाहीच. म्हणून डिकीत किंवा बॅगेत २१ ची एक ट्यूब ठेवायची. ती मागच्या १८ च्या चाकातही तात्पुरती बसते, उलटं मात्र जमत नाही. या जातीच्या बऱ्याच गाड्यांना मेन स्टँड येत नाही, त्यामुळे चाक काढताना गाडी कशावर टेकवायची यावरून गोंधळ होतो. इंजिनखाली बॅश प्लेट (दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा) असेल तर तिथे लाकडी ठोकळा सरकवून टेकवा, सायलेन्सरच्या पाइपावर कधीच नाही.

हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणे. काही सांगितलं नाही तर पंपावर सरसकट जास्त मारून देतात आणि दातेरी टायर ओल्या काँक्रीटवर, मेट्रोच्या लोखंडी प्लेटवर, पांढऱ्या पट्ट्यांवर आणखी घसरतो. हवा फार कमी ठेवली तर ब्रेक मारताना टायर रिंगवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह रिंगमधून तिरका बाहेर आलेला दिसला, की हे सुरू झालंय असं समजा.

स्पोक पहिल्या सर्व्हिसला ताणून घ्या, ही गोष्ट सर्व्हिस सेंटरला आवर्जून सांगावी लागते. घरी तपासायचं तर पेचकसाच्या मुठीने प्रत्येक स्पोकला हलकं वाजवा. ताठ स्पोक टणकन वाजतो, ढिला थप्प असा आवाज करतो. दोन-तीन ढिले तसेच राहिले तर शेजारच्यांवर भार येतो आणि रिंग आऊट होते.

छोट्या रनिंगचा खरा त्रास इंजिनाला होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. चार किलोमीटरमध्ये इंजिन ऑइल नीट तापत नाही. आत जमलेली वाफ आणि थोडं कच्चं पेट्रोल उडून जायला उष्णता मिळत नाही, ते ऑइलमध्येच राहतं. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो तो यातूनच. लिक्विड-कूल्ड गाडीत मात्र तसाच थर कूलंट आत झिरपल्यानेही येतो, त्यामुळे कूलंटची पातळी बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. उपाय सोपा: आठवड्यातून एकदा ठाणे-बेलापूर रोडवर अर्धा तास एका लयीत चालवा, आणि किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी ऑइल बदला. बॅटरीचंही तेच. प्रत्येक सेल्फला जेवढा करंट जातो तेवढा चार किलोमीटरमध्ये परत भरत नाही. त्यात वर दोन फॉग लॅम्प लावलेत तर जानेवारीतच बॅटरी मान टाकेल.

चेनची गंमत वेगळी आहे. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत, माणूस बसून मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा होत जातो तशी चेन ताणली जाते. म्हणून उभ्या गाडीवर ती कम्युटरपेक्षा जास्त ढिली ठेवायची असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. नाक्यावरचा मेकॅनिक सवयीने स्प्लेंडरसारखी ताणून देतो, दिसायला छान दिसते, आणि काही महिन्यांत पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील गळायला लागतं, नाहीतर मागच्या चाकाचं बेअरिंग आवाज करतं. पावसात साधारण ४०० किलोमीटरला एकदा साफ करून ल्युब मारा, गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना.

मेट्रोच्या कामाजवळचा सिमेंटचा राडा वाळायच्या आत धुवून टाका. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) चकचकीत नळीवर तो वाळला की प्रत्येक खड्ड्याला सीलवरून घासला जातो आणि ऑइल गळायला लागतं. रबरी गेटर (नळीवरचं आवरण) असलेला फोर्क यासाठीच चांगला. डंपरच्या धुळीत एअर फिल्टरही कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच उघडून बघा. तेलकट कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलायचाच असतो.

विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलं की उंच गाडीवाल्याला हमखास चेव येतो. चाकाच्या हबपर्यंतचं पाणी ठीक, पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये गिअर बदलायचा नाही. त्याच्यावर पाणी असेल तर वळा. आत एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा, प्लग उघडून पाणी काढा. गटाराचं झाकण उघडं असेल तर २१ इंची चाकाचाही काही उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नको. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक मारून डिस्क कोरडी करा.

मागे बसणाऱ्यांचा विचार करा. आईला किंवा बायकोला साडी नेसून एका बाजूने बसायचं असेल तर ८२५ ची सीटसुद्धा जिन्याच्या पायरीइतकी सोपी नाही. साडी गार्ड काढून टाकायची फॅशन आहे. तो नियमाने लागतो आणि कामाचाही आहे.

ॲक्सेसरीजवर मी जरा कडक आहे. जाड क्रॅश गार्ड, टॉप बॉक्स, पाठीमागे जेरी कॅन, असं करत हलकी म्हणून घेतलेली गाडी पंधरा किलोने वाढते, आणि तेही वरच्या बाजूला. रोजच्या रनिंगला हँड गार्ड आणि धातूची बॅश प्लेट बस झाली. आणि मातीची हौस भागवायला येऊरच्या जंगलात किंवा खाडीकाठच्या खारफुटीत गाडी घालू नका. एक राष्ट्रीय उद्यान, दुसरी संरक्षित.

निवड माझ्या मते अशी. उंची पाच फूट सातच्या पुढे आणि मागे कुणी फारसं बसत नसेल तर केएलएक्स २३०. टाकी ७.६ लिटरचीच आहे, पण रोज पंधरा किलोमीटरवाल्याला त्याने काय फरक पडतो? पूर्वी तिची किंमत बघून लोक मागे फिरायचे, भारतात बनायला लागल्यावर ती आवाक्यात आली. फक्त नावात ‘आर एस’ असलेली २३० चुकून बुक करू नका. ती ट्रॅकसाठी आहे, एमएच-०४ काय आणि एमएच-४३ काय, कुठेच पासिंग होणार नाही. बाकी बहुतेकांना एक्सपल्स २०० फोर-व्ही. सुटे भाग सहज मिळतात, आणि जुन्या गाड्यांची निवडही भरपूर आहे.

जुनी बघायला गेलात तर पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. मग फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. दोन्ही लिव्हरची टोकं, फूटपेग आणि हँडलचे बार-एंड घासलेले असतील तर गाडी पडलेली आहे. त्यात फारसं वाईट नाही, या गाड्या पडतातच, फक्त फ्रेम आणि स्विंगआर्म सरळ आहेत ना ते मागून बसून डोळ्याने ताडून बघा, आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.