मशीन बसवायला सगळे येतात, गाळ उपसायला कोण येणार?

आडबाजूच्या छोट्या वस्तीत सांडपाण्यावर प्रक्रिया करायची म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न निघतो, ‘कोणतं तंत्रज्ञान घ्यायचं?’ माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे विचारा की रात्री दोन वाजता ब्लोअर (टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारं यंत्र) बंद पडला तर तिथं कोण पोचणार? त्याचा पट्टा तुटला तर नवा किती दिवसांनी येणार? याचं उत्तर कुणाकडे नसेल तर ब्लोअरवाला प्लांट तिथं बसवूच नये. मग तो कागदावर कितीही देखणा असो.

ब्लोअरवाल्या प्लांटची नेहमीची पद्धत म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज: टाकीत हवा सोडायची आणि जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची. ती अर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली. शहरासाठी उत्तमच. पण तिचा सगळा खेळ जिवाणूंवर आणि त्या जिवाणूंना चोवीस तास हवा हवी. टाकी नीट चालत असली की पाणी तपकिरी दिसतं, ओल्या मातीसारखा वास येतो. लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवलं की गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी. हवा बंद पडू द्या, मग बघा. पाणी काळवंडतं, सडक्या अंड्यांचा वास सुटतो, गाळ बसायचा सोडून तरंगतो आणि सरळ नाल्यात जातो. वीज आली म्हणजे झालं, असंही नाही. जिवाणू पुन्हा जोमात यायला कित्येक आठवडे लागू शकतात.

त्यात वस्ती लहान. शहरात हजारो घरांचं पाणी एकमेकांत मिसळून चढउतार आपोआप जिरतात. इथं सकाळी लोंढा आणि दुपारी थेंब. कुणी एकानं जंतुनाशकाचा कॅन मोरीत ओतला तर शहराच्या प्लांटला पत्ताही लागत नाही. इथं अख्खी टाकी मरते.

म्हणून मी तळ्यांच्या बाजूचा. मीटर-दीड मीटर खोल उथळ तळं, त्यात उन्हावर शेवाळ वाढतं, शेवाळ प्राणवायू देतं, त्यावर जिवाणू घाण खातात. मोटर नाही, वीज नाही. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या वस्त्या हेच करतात. हिवाळाभर तळं गोठलेलं असतं, उन्हाळ्यात कामाला लागतं आणि उन्हाळा सरता सरता पाणी सोडतात. चांगल्या चाललेल्या यांत्रिक प्लांटइतकं नितळ पाणी तिथून निघत नाही, हे कबूल. पण बंद प्लांटमधून निघणाऱ्या पाण्यापेक्षा ते कैक पटींनी बरं. जागा मात्र भरपूर लागते, त्यामुळे उभ्या डोंगरउतारावर किंवा चिमुकल्या बेटावर हा मार्ग बाद.

नियमही जागा बघून असावेत. अंटार्क्टिकासारख्या जिवापाड जपलेल्या खंडासाठी १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनं, म्हणजे तिथलं पर्यावरण जपायच्या आंतरराष्ट्रीय करारानं, काय ठरवलं? उन्हाळ्यात साधारण ३० किंवा त्याहून जास्त माणसं राहणाऱ्या संशोधन-तळानं मैलापाणी समुद्रात सोडण्याआधी निदान बारीक दळावं, आणि ते झपाट्यानं पसरून विरेल अशाच ठिकाणी सोडावं. (हे वाचून कुणी ओढ्यात सोडायला जाऊ नका. तिथं समोर अख्खा महासागर आहे.)

आता गाळ. यावर बोलायला कुणी तयार नसतं, कारण गाळाची फीत कापता येत नाही. पद्धत कुठलीही घ्या, तळाशी गाळ साठणारच. सेप्टिक टँक काही वर्षांनी उपसावाच लागतो. टँकर जाईल असा रस्ताच नसेल तर टाकी गच्च भरते, मैला पुढं वाहत जातो, शोषखड्डा बुजतो आणि लोक म्हणतात, ‘सेप्टिक टँक काही कामाचा नाही.’ टाकीचा काय दोष? अशा ठिकाणी पाणकणसासारखी गवतं लावलेले वाळूखडीचे वाफे करता येतात. गाळ त्यावर थराथरानं सोडायचा. पाणी खाली निथरतं, मुळांमुळे वाफा मोकळा राहतो आणि वरचा थर कुजत जातो. असा वाफा वर्षानुवर्षं रिकामा करावा लागत नाही.

तळं असो की वाफा, माणूस लागतोच. काठचं गवत काढायला, नाहीतर डास होतात. बांधाला उंदरांनी बिळं पाडलीत का ते बघायला. आत येणाऱ्या पाइपाच्या जाळीतल्या चिंध्या ओढायला. आठवड्यातल्या काही तासांचंच काम आहे. त्या तासांचा पगार कोण देणार आणि कुठल्या खात्यातून, हे लेखी ठरल्याशिवाय पहिली कुदळसुद्धा मारू देऊ नका.