खान्देशातली विरजणे तपासली जायला हवीत

‘दही म्हणजे घरचे अँटिबायोटिक’ हा संदेश सध्या गावोगावच्या गटांत फिरतो आहे, आणि त्यात अर्धे सत्य असल्यामुळेच मला त्यावर सविस्तर लिहावेसे वाटते.

इराण, तुर्कस्तान आणि बाल्कन देशांतल्या घरगुती चीजमधून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वेगळे काढून, ते रोगजंतूंची वाढ किती रोखतात हे तिथले संशोधक तपासत आले आहेत. आपल्या घरांत चीजची परंपरा नाही, पण याच कुळातले जिवाणू आपल्या विरजणात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि न तापवलेले दूध काही तासांत नासते. त्याच हवेत दही आंबट होते, पण सहसा सडत नाही. दुधाचा सामू (पीएच, जो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ६.६ असतो, तो दही लागताना ४.६ च्या आसपास उतरतो आणि एवढ्या आम्लात बहुतेक रोगजंतू वाढू शकत नाहीत. त्याखेरीज काही जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, तर काही बॅक्टेरिओसिन नावाची, इतर जिवाणूंना मारणारी प्रथिने तयार करतात. त्यांपैकी निसिनचा परिणाम १९२८ मध्ये प्रथम नोंदला गेला, १९४७ मध्ये त्याला हे नाव मिळाले आणि आज ते चीज टिकवण्यासाठी ई २३४ या क्रमांकाने वापरले जाते.

मात्र निसिन लिस्टेरियासारख्या रोगजंतूंवर चालते, पण ई. कोलाय आणि साल्मोनेला या रोगजंतूंभोवती एक जादा बाह्य पटल असल्याने त्यांच्यावर ते एकटे फारसे चालत नाही. म्हणून दही खाऊन डॉक्टरांनी दिलेले औषध थांबवणे धोक्याचे आहे. कच्च्या दुधाचे समर्थनही यातून निघत नाही, कारण त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसांत येणारा तापाचा आजार होऊ शकतो.

प्रयोगशाळेतही घाई नको. बशीत वाढवलेल्या रोगजंतूंच्या थरावर विरजणातल्या जिवाणूंचा द्रव टाकल्यावर वाढ थांबल्याचे स्वच्छ वर्तुळ दिसले की बॅक्टेरिओसिन सापडले असे म्हणता येत नाही. आधी त्या द्रवातले आम्ल उदासीन करावे लागते, कॅटालेज हे विकर घालून पेरॉक्साइड नाहीसे करावे लागते आणि प्रथिने तोडणाऱ्या विकराने तो परिणाम जातो का, हेही पाहावे लागते. एंटेरोकॉकससारख्या काही जिवाणूंत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके असतात आणि ती इतर जिवाणूंकडे जाऊ शकतात, त्यामुळे ती तपासणी टाळून कोणताही जिवाणू ‘उपयुक्त’ ठरवणे मला मान्य नाही.

विरजणांच्या तपासणीचे हे काम जळगावच्या विद्यापीठात आणि धुळे-नंदुरबारच्या महाविद्यालयांत व्हावे, असे माझे ठाम मत आहे. लॅक्टोकॉकस हा लॅक्टिक आम्ल तयार करणारा जिवाणू ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो, तर दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस ४० अंशांच्या वरही जोमाने वाढतो. त्यामुळे एकाच घरचे विरजण पौषात आणि वैशाखात वेगळे निघण्याची शक्यता आहे, आणि नमुने दोन्ही ऋतूंत घेतले पाहिजेत. पिशवीतले दही घरोघर आल्यापासून जुनी विरजणे मोडत चालली आहेत. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या भागांत ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे एकच विरजण चालत आले आहे, त्यांनी कृपया इथे कळवावे. दूध गाईचे की म्हशीचे, ते किती तापवता आणि विरजण कोणत्या भांड्यात ठेवता, एवढेही सोबत लिहावे.