मैदान रिकामं दिसतं म्हणून

बाळूचा मेसेज आला तेव्हा आमच्याकडे शनिवारची सकाळ होती आणि मी जांभळ्या शर्टाला इस्त्री करत होतो. टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी भरणाऱ्या खाण्यापिण्याच्या जत्रेला, कुणी इस्त्री बघत नाही, पण राहुरीच्या वसतिगृहात लागलेल्या काही सवयी सुटत नाहीत. 'बारावी ९२' या आमच्या ग्रुपवर आठवडाभर धुमश्चक्री चालू होती. तालुक्याच्या आमच्या जुन्या कॉलेजचं मैदान आहे, त्यावर संस्थेला फार्मसीची इमारत बांधायची आहे. बाळू आता संस्थेच्या कार्यकारिणीवर. त्याने लिहिलं होतं, "मैदान वर्षातले तीनशे दिवस रिकामं असतं. कडेला बाभळी, मधे म्हशी. शंभरात एक पोरगं खेळतं, त्याच्यासाठी दोन एकर अडवून ठेवायचे का? कॉलेज शिकायला असतं." खाली सतरा अंगठे.

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि लिहिलं, "आमच्या इथलं स्टेडियम वर्षातले साडेतीनशेहून जास्त दिवस रिकामं असतं. सहा-सात शनिवार सोडले तर तिथे कुत्रंही फिरकत नाही. म्हणून कुणी तिथे फार्मसी काढत नाही."

बाळूचं उत्तर मिनिटात. "तुमच्या इथलं म्हणजे कुठलं रे? तुझं कॉलेज इथं आहे."

त्यावर एकोणीस अंगठे. हे मला दिवसभर डाचत राहिलं.

मॅनहॅटन म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्क येतं. पहिली दोन वर्षं मीही तो गैरसमज दूर करायची फार घाई केली नाही. आमचं मॅनहॅटन कॅन्ससमधलं. चहूकडे गवताच्या टेकड्या, गहू आणि गुरं यांवर बोलणारी माणसं, वस्ती ५४ हजारांच्या आसपास. स्टेडियममध्ये माणसं मावतात सुमारे ५० हजार. श्रीगोंदा अख्खं उचलून एका मैदानात बसवावं, तसा हिशेब.

बाळूला वाटतं की अमेरिकेत हे सगळं पैशाच्या जोरावर आपोआप उगवतं. त्याने आमच्या के-स्टेटचा, म्हणजे कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा, इतिहास ऐकायला हवा. हे १८६३ सालचं शेतकी विद्यापीठ. ज्या धर्तीवर १९६० मध्ये पंतनगर आणि पुढे राहुरी उभी राहिली, त्याच धर्तीचं. त्याअर्थी मी थोरल्या घरी शिकायला आलो एवढंच. फुटबॉल (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावायचं) इथे १८९६ मध्ये सुरू झालं आणि पुढची नव्वदेक वर्षं हा संघ प्रामुख्याने हरला. परिषदेचं, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद एकदाच नीट आठवण्याजोगं, १९३४ चं. मोसमाअखेरच्या बोल सामन्याचं बोलावणंही तोवर एकदाच, १९८२ मध्ये. तिथेही हरले. वरच्या गटातल्या संघांत ५०० पराभव सगळ्यांत आधी यांनीच गाठले. ऑक्टोबर १९८६ पासून १९८८ च्या मोसमाअखेरपर्यंत २७ सामने झाले, त्यांत एकही विजय नाही. २६ पराभव आणि एक बरोबरी. ती बरोबरी शेजारच्या लॉरेन्समधल्या कॅन्सस विद्यापीठाशी, १७-१७. १९८९ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने लेख छापून त्यांची देशभर शोभा केली.

तेव्हा इथेही बाळू होते, आणि बरेच होते. शेतीची मंदी होती, गावं ओस पडत होती, विद्यापीठातली पोरं कमी होत होती. मोठ्या परिषदेतून बाहेर पडावं, खालच्या गटात जावं, हा नाद सोडावा, अशी कुजबुज होती. १९८६ मध्ये अध्यक्ष म्हणून आलेले जॉन वेफाल्ड यांनी उलटं केलं. जो विभाग सगळ्यांत लाजिरवाणा होता त्यातच पैसा आणि लक्ष घातलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांनी आयोवातून बिल स्नायडर नावाचा ४९ वर्षांचा सहायक प्रशिक्षक आणला. गडी अबोल, दिवसातून एकदाच, तेही रात्री उशिरा जेवणारा. चिठ्ठ्या जांभळ्या पेनाने हाताने लिहिणारा, आणि त्याही बऱ्याचदा समोरच्या संघातल्या जखमी खेळाडूंना. आल्याआल्या त्याने संघाचं चिन्ह बदलून घेतलं. विद्यापीठातच कला शिकवणाऱ्या एका शिक्षकाने ते काढलं. तेच मांजराचं डोकं आज माझ्या चहाच्या मगावर आहे, गाडीच्या काचेवर आहे आणि, बायकोचा विरोध डावलून, दिवाळीच्या रांगोळीतही एकदा होतं.

पहिल्या वर्षी एक विजय, दहा पराभव. तो एक विजयही नॉर्थ टेक्ससवर, शेवटच्या चालीवर, २०-१७. पुढच्या वर्षी पाच. त्याच्या पुढे सात. १९९३ मध्ये बोल सामना जिंकला, ५२-१७. १९९७ ते २००३ या सात मोसमांत सहा वेळा ११ विजय. आपल्याकडे एका वर्षात निकाल लागला नाही तर प्राचार्य बदलतात, हेही मी ग्रुपवर टाकलं. बाळू म्हणाला, "ते संस्थेचं अंतर्गत आहे."

मी इथे आलो ऑगस्ट १९९८ मध्ये, दळणशास्त्र शिकायला. (हो, असं खातं आहे, आणि जगभरातून लोक पीठ कसं दळावं हे शिकायला इथे येतात. आईला हे कधीच पटलं नाही. "त्याला गिरणीत पाठवला असता की," असं ती सगळ्यांना सांगायची.) नोव्हेंबरात प्रयोगशाळेतल्या एका गव्हाच्या शेतकऱ्याच्या मुलाने मला जादा तिकीट दिलं. नेब्रास्काविरुद्धचा सामना. थंडी होती म्हणून आईने विणलेला स्वेटर घातला. तो लाल होता.

नेब्रास्काचा रंग लाल आहे हे मला जिना चढून वर पोचल्यावर कळलं. आजूबाजूला जांभळा समुद्र आणि मधे मी, हळदीकुंकवात चुकून आल्यासारखा. त्या मुलाचे वडील माझ्याकडे बघून पोट धरून हसले, उठले, अंगातलं जांभळं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः पूर्ण सामना शर्टावर बसले. मला खेळातलं काहीच कळलं नाही. पाच सेकंद धावाधाव, मग माणसांचा ढीग, मग शिट्टी, मग पुन्हा सभा. पण ४०-३० असा शेवट झाला तेव्हा शेजारचा तो धिप्पाड शेतकरी टोपीने डोळे पुसत होता. १९६८ नंतर पहिल्यांदाच नेब्रास्काला हरवलं होतं. खाली पोरं गोलपोस्ट उखडत होती. जाकीट परत द्यायला गेलो तर म्हणाले, हिवाळा संपल्यावर दे.

तो मोसम पुढे ११-० झाला. ५ डिसेंबरला सेंट लुईसमध्ये टेक्सस ए अँड एमशी गाठ. जिंकले असते तर राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना समोर होता. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात २७-१२ ने पुढे होते आणि दुसऱ्या जादा डावात ३६-३३ ने हरले. त्या रात्री फोनकार्ड खरवडून मी घरी फोन लावला आणि आईला म्हणालो, "आपण हरलो."

"कोण आपण?" आई म्हणाली. "कुणाशी होती मॅच? पाकिस्तान?"

सत्तावीस वर्षांनी तोच प्रश्न बाळूने विचारला, फक्त आईची माया त्यात नव्हती.

या संघात खेळलं कोण, ते बाळूला सांगायला हवं. मोठ्या विद्यापीठांनी उचललेली पोरं इथे येत नसत. स्नायडरने ज्युनिअर कॉलेजांतून, म्हणजे तिथल्या बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजांतून, गडी आणले. ९८ च्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचून चेंडू फेकणारा गडी, मायकल बिशप हा टेक्ससमधल्या ब्लिन कॉलेजचा, आणि त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्कारात तो दुसरा आला. जॉर्डी नेल्सन तर जवळच्याच रायलीच्या शेतकऱ्याचं पोर, शिष्यवृत्तीशिवाय नुसता हजर झालेला. पुढे ग्रीन बे या व्यावसायिक संघाकडून सुपर बोल जिंकला आणि निवृत्त झाल्यावर परत शेतावर आला. ही सगळी तालुक्याच्या कॉलेजची पोरं रे बाळू. त्यांना कुणीतरी दोन एकर दिले म्हणून ती दिसली.

आणि हे काही आपल्याला परकं नाही. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं. आपल्या एका प्राचार्याने घर गहाण ठेवलं होतं, आणि आपली संस्था मैदान विकल्यासारखं वागते. हे वाक्य मला फार आवडलं. बारा अंगठे मिळाले, बाळूपेक्षा कमी, पण माझ्यासाठी विक्रमी.

आता जे मी ग्रुपवर लिहिलं नाही ते.

स्नायडर मोसमाच्या सुरुवातीला लिंबूटिंबू संघ बोलावून विजयांचा आकडा फुगवतात, अशी टीका देशभर व्हायची आणि ती खोटी नव्हती. राज्याच्या पगारपत्रकात फुटबॉल प्रशिक्षकाचा आकडा राज्यपालाच्या कितीतरी वर असतो. खेळाडूंना मात्र २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावरही चार पैसे कमवायची मुभा नव्हती. पोरांनी गुडघे फोडायचे आणि जाहिरातींचा पैसा दुसऱ्यांनी मोजायचा. २०२५ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना वाटू शकतात, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर, आणि आता गडी दरवर्षी संघ बदलतात. तो शेतकरी हल्ली म्हणतो, नावं पाठ होईपर्यंत पोरगं दुसऱ्या गावाला जातं. २०१३ मध्ये स्टेडियमची नवी चकचकीत पश्चिम बाजू उघडली, त्याच सुमारास राज्याने कर कापले आणि विद्यापीठांचा हात आखडला. माझ्या मुलीची फी भरताना मला हे सगळं नीट आठवतं. शनिवारी आठवत नाही.

लॉरेन्सवाल्यांना २००९ ते २०२४ सलग १६ वर्षं हरवलंय, हे मात्र कधीच विसरत नाही. ज्या विद्यापीठाचा पहिला बास्केटबॉल प्रशिक्षक म्हणजे खुद्द तो खेळ शोधणारा नाइस्मिथ, त्यांना चिडवायला दुसरं काही हाताशी नाही.

खरं तर बाळूला मी वेगळंच सांगायला हवं होतं. त्या मैदानावर मी कधी खेळलोच नाही. पीटीचे सर सकाळी सहाला शिट्टी मारायचे आणि मी ताप आल्याची चिठ्ठी द्यायचो. मोठ्या भावाच्या अक्षरातली. पुढे विद्यापीठाच्या संघात गेलेला आमच्या वर्गातला एकमेव मुलगा लांब उडीवाला. त्याच्या उडीचा वाळूचा खड्डा मैदानाच्या पूर्वेच्या कडेला होता. सुतळीच्या खुणा लावून तो एकटाच उड्या मारायचा आणि मी खिडकीत बसून सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ करायचो. तो आज कुठे आहे मला माहीत नाही. या ग्रुपवर नाही.

२०११ मध्ये बॅचने कॉलेजला काहीतरी द्यायचं ठरवलं. मी डॉलरमध्ये दिलं, म्हणून सगळ्यांत जास्त माझं. संगणक कक्ष झाला. उद्घाटनाला येता आलं नाही, मोसमाचा पहिला सामना होता. बाळूने फोटो पाठवले. कोनशिलेवर माझं नाव सगळ्यांत वर, खाली 'अमेरिका'. जागा कुठली, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता या भांडणात कुणीतरी मैदानाचा जुना नकाशा टाकला आणि मी फोटो मोठा करून बघितला. पूर्वेची कड. वाळूच्या खड्ड्यावर.

म्हणजे मैदानावर पहिली वीट माझीच.

त्या शनिवारी सामना झाला. मधल्या वेळात बँडने आगगाडीचं ते जुनं गाणं वाजवलं. १९६८ च्या डिसेंबरात संगीत विभागाची इमारत जळाली, सगळी कागदं गेली आणि बँडच्या प्रमुखांनी पिशवीतून घरी नेलेली एवढीच एक प्रत वाचली, असं सांगतात. आता ते वाजलं की ५० हजार माणसं आळीपाळीने पुढे-मागे डोलतात. एक ओळ वाकते तेव्हा शेजारचा सरळ होतो. मला हे जमायला चार वर्षं लागली. मी अजूनही चुकतो, आणि माझ्या शेजारचा शेतकरी, आता त्याला काठी लागते, खांद्याने मला ढकलून ताल लावून देतो.

घरी आल्यावर बाळूला वेगळा फोन केला, ग्रुपच्या बाहेर. तिकडे पहाट झाली होती. म्हटलं, "सकाळी कॉलेजवरून जाशील तेव्हा मैदानाचा एक व्हिडिओ पाठव."

"आता काय, कोर्टात लावतोस काय?"

"नाही रे. बघायचंय."

पाठवला. बाभळी होत्या, म्हैस एकच होती. मधल्या उरलेल्या पट्ट्यात दहा-बारा पोरं टेनिस बॉलने खेळत होती, विटांच्या स्टंपावर. एकाने चेंडू उचलून मारला, तो संगणक कक्षाच्या भिंतीवर थाडकन आदळला, आणि सगळी पोरं ओरडली. मागून बाळूचा आवाज आला, हसत, "तुझ्या खोलीला लागला की आऊट धरतात."