फेच असताना के-वाय कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सर्व्हरकडे विनंती पाठवायला ब्राउझरमध्ये फेच ही सोय असते; माझ्या लेखात मी त्यावर बसवलेली के-वाय (Ky) ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी सगळीकडे वापरा असं सुचवलं होतं. त्यावर ‘ब्राउझरमध्ये फेच आयता असताना के-वाय सुचवणं म्हणजे निव्वळ आळस, चार ओळींचा रॅपर (फेचभोवतीचं वेष्टण) स्वतः लिहा,’ असं तुमचं म्हणणं, सोबत लेफ्ट-पॅड या पॅकेजचा दाखला. मी आळशी आहे हे घरचेही सांगतात, त्यावर वाद नाही. त्या चार ओळींवर मात्र आहे.

पहिली ओळ रिस्पॉन्सचा ‘ओके’ तपासण्याची. सर्व्हरने 404 (सापडलं नाही) दिला काय नि 500 (सर्व्हरमध्येच बिघाड) दिला काय, फेचच्या लेखी सगळं आलबेल असतं, नेटवर्कच तुटलं तर प्रॉमिस रिजेक्ट होतं, म्हणजे फेच चूक कळवतो. दुसरी टाइमआउटची, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची याची. इथे तुमचं बरोबर आहे, ते काम आता ब्राउझरचाच अ‍ॅबॉर्टसिग्नल करतो.

गोची होते ती रीट्रायमध्ये, म्हणजे विनंती पुन्हा पाठवण्यात. आमच्या टीममध्ये असा रॅपर होता, मीच लिहिलेला. उत्तर नाही आलं की पुन्हा पाठव. एकदा सर्व्हरने नोंद केली, पण उत्तराला उशीर झाला आणि माझ्या रॅपरने तोच पोस्ट (नवी नोंद करायला सांगणारी विनंती) परत धाडला. एका ग्राहकाला एकाच खरेदीची दोन बिलं! पुढचा फोन कोणाला आला, ते सांगायला नको. के-वाय आपणहून पोस्टच्या वाटेला जातच नाही. गेट, पुट, डिलीट वगैरे, म्हणजे दोनदा गेल्या तरी परिणाम तोच राहणाऱ्या विनंत्याच पुन्हा पाठवतं, तेही फार तर दोनदा, आणि सर्व्हरचं उत्तर आलंच असेल तर 408 (वेळ संपली), 429 (फार विनंत्या आल्या), 503 (सेवा सध्या बंद) अशा ठरावीक कोडवरच. 429 सोबत ‘रीट्राय-आफ्टर’, म्हणजे ‘इतक्या वेळाने या’ असा निरोप आला, तर सांगितलं तेवढं थांबतं. हे सगळं बसवा, मग ओळी मोजू.

लेफ्ट-पॅडचा दाखला इथे लागू पडत नाही. 2016 मध्ये ते 11 ओळींचं पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सामायिक कोठारावरून) निघालं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं त्यांचे बिल्ड (कोडमधून अ‍ॅप तयार करण्याचं काम) कोसळले, कारण ते दुसऱ्याच पॅकेजच्या पोटात होतं. के-वायच्या पोटात कोणीच नाही, त्याला एकही डिपेंडन्सी नाही.

‘सगळीकडे हेच वापरा’ हे माझं वाक्य मात्र चुकलंच. पानावर एखादाच गेट असेल तर फेच पुरे. शिवाय के-वायचा मूळचा टाइमआउट 10 सेकंदांचाच असतो, मोठी फाइल चढवताना तो वाढवावा लागतो, हेही राहिलं होतं. दोन्ही दुरुस्त्या लेखात केल्या आहेत.

आणि नावाचं विचारलंत म्हणून सांगतो, बँकेच्या केवायसीशी त्याचा संबंध नाही. के-वाय लिहिणारे सिंद्रे सोरहुस यांना एनपीएमवर ते छोटं नाव मोकळं मिळालं, एवढंच. जपानी बोलीत म्हणे त्याचा अर्थ ‘ज्याला समोरचा रागरंग कळत नाही असा’. तुम्ही टोमणा मारायच्या आत मीच सांगून टाकलं.